शिलकी अंदाजपत्रक आणि मिठाचा मण

१९०२ सालच्या मार्चात हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीत पैसा मावत नव्हता. अर्थखात्याचे सदस्य सर एडवर्ड लॉ यांनी कलकत्त्यात अंदाजपत्रक मांडले, तेव्हा सरत्या वर्षाची शिल्लक सात कोटी रुपयांच्या घरात होती. शिलकीचे हे ओळीने चौथे वर्ष.

याच चार-पाच वर्षांत मुलखात काय चालले होते? १८९६-९७ मध्ये दुष्काळ पडला. त्याच वेळी मुंबईत प्लेग शिरला आणि तिथून पुण्यात पोचला. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत त्याला आजही ‘छप्पनियो’ म्हणतात, कारण तो संवत १९५६ मध्ये पडला. दख्खनमध्ये आणि गुजरातेत गोठेच्या गोठे रिकामे झाले, सरकारी कामांवर खडी फोडायला बायकापोरांसकट गावे लोटली. १९०१ ची शिरगणती झाली तेव्हा मुंबई इलाख्यात दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी माणसे भरली. लोक घटत होते आणि शिल्लक वाढत होती.

२६ मार्च १९०२ रोजी या अंदाजपत्रकावर चर्चा होती. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन अध्यक्षस्थानी होते. मुंबई इलाख्याच्या जागेवर फिरोजशहा मेहतांच्या जागी नव्याने आलेले सदस्य बोलायला उभे राहिले. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा पस्तीस वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेजातली नोकरी संपवून ते नुकतेच पूर्णवेळ सार्वजनिक कामात उतरत होते. शिलकीबद्दल सरकारचे अभिनंदन करण्याची त्या सभागृहात रीत होती. आपण त्या अभिनंदनात सामील होऊ शकत नाही, असे गोखल्यांनी सुरुवातीलाच सांगितले. मग तासाभराहून अधिक वेळ ते आकडे मांडत राहिले.

त्या सभागृहाला अधिकार काय होते, हे आधी सांगायला हवे. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना प्रश्न विचारता येत आणि अंदाजपत्रकावर वर्षातून एकदा बोलता येई. एका रुपयाची कपात सुचवता येत नसे, कशावर मत मागता येत नसे. आकडे जाहीर झाले की आठवड्याभराने चर्चेचा एक दिवस यायचा, सदस्यांनी भाषणे वाचायची, अर्थसदस्याने उत्तर द्यायचे, व्हाइसरॉयने समारोप करायचा आणि अंदाजपत्रक जसेच्या तसे लागू व्हायचे. गोखल्यांच्या हाती होते ते एवढेच: सरकारचाच हिशेब सरकारपुढे वाचून दाखवणे. पुढची दहा वर्षे त्यांनी ते केले. त्या दहा वर्षांत सरकारी खर्चाच्या कोणत्या बाबी हलल्या आणि कोणत्या जागच्या हलल्या नाहीत, याचा हा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. सरकार पैसा कशावर घालते हे समजून घेण्याची सवय आपल्याकडे पहिल्यांदा याच काळात लागली.

ही भाषणे एका माणसाच्या बुद्धीतून निघालेली नव्हती. त्यांच्यामागे पुण्याच्या सार्वजनिक सभेतली वीसेक वर्षांची उस्तवार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी गोखल्यांना सरकारी अहवाल कसा वाचायचा हे शिकवले होते. सभेच्या त्रैमासिकाचे काम करताना सारावसुलीचे तक्ते, मिठाच्या खात्याचे अहवाल, लष्करी हिशेब हेच त्यांचे वाचन होते. १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे त्यांनी लंडनला जाऊन साक्ष दिली, तेव्हा ते तिशीत होते. दादाभाई नौरोजी त्या कमिशनचे सभासद होते, दिनशा वाच्छा आणखी एक साक्षीदार. रानडे जानेवारी १९०१ मध्ये गेले. शिष्याचे कलकत्त्याचे भाषण ऐकायला ते उरले नाहीत.

दुसरे नाव फारसे कुणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी. ‘सार्वजनिक काका’ म्हणून प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी वेगळे. हे सरकारी शाळाखात्यातले, सोलापूरला हेडमास्तर राहिलेले. सरकारी नोकरीमुळे त्यांना उघडपणे राजकारण करता येत नव्हते. पण हिंदुस्थानच्या जमाखर्चाचे आकडे त्यांच्याइतके त्या काळी क्वचितच कुणाला ठाऊक असतील. १९०२ च्या भाषणाची जुळणी त्यांच्या मदतीने झाली. भाषण गाजल्यावर गोखल्यांनी त्यांना पत्र लिहून कळवले की हे भाषण माझ्यापेक्षा तुमचेच आहे आणि सारे श्रेय मला मिळते आहे याचे मला अवघड वाटते. देशाच्या वृत्तपत्रांत गाजलेल्या त्या भाषणाचा अर्धा कच्चा खर्डा सोलापूरकडच्या एका शाळामास्तराच्या वहीत होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती.

आता त्या भाषणाचा गाभा. सात कोटी आले कुठून?

हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडात पैसे भरावे लागत. कर्जाचे व्याज, रेल्वे कंपन्यांना दिलेली हमी, गोऱ्या सैनिकांचा खर्च, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, इंडिया ऑफिसचा खर्च. मिळून साधारण एक कोटी सत्तर लाख पौंड. कर मात्र रुपयांत गोळा होई आणि रुपया चांदीचा होता. १८७० नंतर चांदी घसरली तसा रुपयाही घसरत गेला. १८९४-९५ मध्ये एका रुपयाला सरासरी तेरा पेन्सच मिळत. त्या भावाने एक कोटी सत्तर लाख पौंड पाठवायचे म्हणजे एकतीस कोटी रुपये लागत. ही खोट भरून काढायला सरकारने कर वाढवले. १८८६ मध्ये प्राप्तिकर लावला. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपयांवर नेला. रुपया घसरला आहे, नाइलाज आहे, असे तेव्हा सांगितले गेले.

पुढे १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. रुपयाचा तुटवडा पडू लागला आणि भाव चढत चढत सोळा पेन्सवर स्थिर झाला. त्या भावाने तेवढेच पौंड पाठवायला साडेपंचवीस कोटी पुरत. म्हणजे एका फटक्यात वर्षाला पाच-साडेपाच कोटी वाचू लागले. ज्या संकटासाठी कर वाढवले होते ते संकट टळले. कर मात्र तसेच राहिले.

शिल्लक ही एवढीच होती. तिच्यात शेतीची बरकत नव्हती, व्यापाराची भरभराट नव्हती. उलट रुपया महाग झाल्यामुळे शेतकऱ्याच्या मालाला हाती कमी रुपये पडत आणि सारा मात्र ठरलेल्या रुपयांतच भरावा लागे. तिजोरीत वाढलेली रक्कम रयतेच्या खिशातून जास्तीची काढलेली होती. गोखल्यांनी हे वर्षवार आकड्यांनी दाखवले आणि सभागृहात त्याचे सरळ खंडन कुणाला करता आले नाही. शिवाय त्यांनी आणखी एक बोट ठेवले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी आणि चीनमधल्या बंडासाठी हिंदुस्थानातली फौज बाहेर गेली होती आणि तितके दिवस तिचा खर्च इकडच्या तिजोरीवर पडत नव्हता. इतकी फौज बाहेर पाठवूनही इथे काही अडले नाही, तर मग ती एरवी इथे पोसायची कशासाठी?

त्यांच्या मागण्या मोजक्या होत्या. मिठावरचा कर उतरवा, प्राप्तिकराची मर्यादा वर्षाला पाचशे रुपयांवरून हजारावर न्या, गिरणीच्या कापडावरची साडेतीन टक्क्यांची जकात काढा.

मिठाची मागणी पहिली होती आणि ती पहिली असणेच योग्य होते. एका घराचा हिशेब करून पाहू. त्या काळी माणशी वर्षाला सुमारे दहा पौंड मीठ खपत असे. पाच माणसांच्या घराला पन्नास पौंड, म्हणजे मणाच्या सहा दशांशाच्या आसपास. मणाला अडीच रुपये कर धरला तर त्या घराने वर्षाला दीड रुपया नुसता कर भरला. दख्खनमधल्या शेतमजुराला दिवसाला दोन-तीन आणे मिळत. दीड रुपया म्हणजे चोवीस आणे, आठ ते बारा दिवसांची मजुरी. हा कर सावकाराच्या घरालाही तेवढाच आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यालाही तेवढाच. पनवेल-उरणच्या मिठागरांत काही आण्यांत तयार होणारे मणभर मीठ घाटावर येईपर्यंत कराच्या भाराने कित्येक पट महाग व्हायचे. दारिद्र्यात माणूस मीठसुद्धा हात राखून खातो, हे खपाच्या आकड्यांत दिसत होते. कर वाढल्यापासून लोकसंख्येच्या मानाने खप वाढत नव्हता. गुरांना तर मीठ मिळेनासेच झाले होते.

पुढच्याच वर्षी, मार्च १९०३ मध्ये, लॉ यांनी मिठाचा कर अडीचवरून दोन रुपयांवर आणला आणि प्राप्तिकराची मर्यादा हजार रुपये केली. गोखल्यांच्या तीनपैकी दोन मागण्या मान्य झाल्या. कापडावरची जकात राहिली, कारण तिच्यामागे मँचेस्टरचे गिरणीवाले होते. १९०५ मध्ये मीठ दीड रुपयावर आले, १९०७ मध्ये एक रुपयावर. पाच वर्षांत अडीचाचा एक झाला आणि दर वेळी मिठाचा खप वाढला. मत देण्याचा अधिकार नसलेल्या एका सदस्याच्या बोलण्याने इतके घडले असे मी म्हणणार नाही. शिल्लक वाढतच होती आणि कर्झनसारख्या कर्तबगार माणसाला तिचा काही उपयोग करून दाखवायचाच होता. पण तो उपयोग नेमका मिठाच्या मणावर झाला, याला गोखल्यांचे वर्षानुवर्षांचे आकडे कारण झाले यात मला शंका नाही.

लष्कराची बाब मात्र हलली नाही.

१८८४-८५ मध्ये हिंदुस्थानचा लष्करी खर्च सुमारे अठरा कोटी होता. वीस वर्षांनी तो बत्तीस कोटींच्या पुढे गेला. देशभरच्या रयतेकडून गोळा होणाऱ्या सगळ्या जमीनसाऱ्यापेक्षा लष्कर जास्त खात होते. १९०२ च्या अखेरीस लॉर्ड किचनेर सरसेनापती म्हणून आले आणि फौजेची नव्याने मांडणी करण्याचा सुमारे पंधरा कोटींचा आराखडा त्यांनी आणला. कारण नेहमीचेच: वायव्येकडून रशिया येईल. १९०५ मध्ये जपानने रशियाचा जमिनीवर आणि समुद्रावर पाडाव केला. त्याच साली इंग्लंडने जपानशी तह नव्याने केला. १९०६ च्या भाषणात गोखल्यांनी विचारले की आता भीती कुणाची? आराखडा थांबवा आणि तो पैसा प्राथमिक शिक्षणाकडे वळवा. त्यांना उत्तर मिळाले, पैसा मिळाला नाही. १९०७ मध्ये इंग्लंड आणि रशियाचाच तह झाला, तरी लष्करी खर्चाची पातळी जी एकदा वर गेली ती खाली आली नाही.

का? इथेच त्या वेळच्या अंदाजपत्रकाची घडण समजून घ्यावी लागते. लष्कर, कर्जाचे व्याज, लंडनचा खर्च, अधिकाऱ्यांचे पगार यांना आधी ताट वाढले जाई. रेल्वे ही गुंतवणूक मानली जाई. ती व्याज देईल या भरवशावर कर्ज काढून तिच्यावर कोट्यवधी घातले गेले, आणि १८९० चे दशक संपेपर्यंत ती तोट्यातच चालली तरी तिच्यासाठी कर्ज काढणे थांबले नाही. शिक्षण, दवाखाने, गावांची सफाई, शेतीसुधारणा यांना उरलेसुरले. बरे, उरले तरी ते कायमचे नसे. पैसा जितका महत्त्वाचा, तितकाच तो कोणत्या खात्यात आणि कितव्या क्रमांकावर बसतो तेही महत्त्वाचे, हे गोखल्यांच्या भाषणांतून पुन्हा पुन्हा पुढे येते.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपल्या दख्खनमध्ये आहे. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारने नवे कर बसवून दरवर्षी दीड कोटींची दुष्काळ-विम्याची तरतूद करण्याचे वचन दिले होते. लॉर्ड लिटनच्या काळात अफगाणिस्तानच्या लढाईने ते पैसे गिळले आणि त्यावर इकडच्या वर्तमानपत्रांनी रान उठवले. तरतूद पुढे चालू राहिली, पण तिच्यातला बराच पैसा रेल्वेकडे आणि कर्जफेडीकडे गेला. पाटबंधाऱ्यांचे सरकारने दोन वर्ग केले होते. पंजाबातल्या कालव्यांसारखी कामे ‘उत्पादक’, कारण ती व्याज भरून वर नफा देत. दख्खनची कामे ‘संरक्षक’. इथे जमीन खडकाळ, धरणे खर्चिक, पाणीपट्टीतून व्याज सुटत नाही. म्हणून कर्ज काढून ती करायची नाहीत, दुष्काळाच्या तरतुदीतून जमेल तेवढी करायची. म्हणजे जिथे पाण्याची गरज सर्वांत जास्त तिथेच पैसा सर्वांत कमी. पुण्याजवळचे खडकवासला आणि नीरेच्या खोऱ्यातले भाटघर अशी मोजकीच मोठी कामे एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या वाट्याला आली.

१९०१ मध्ये कर्झनने स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली पाटबंधारे कमिशन नेमले. वीस वर्षांत चव्वेचाळीस कोटी रुपये पाटबंधाऱ्यांवर घालावेत, अशी त्याने शिफारस केली आणि नफा न देणाऱ्या संरक्षक कामांचाही पुरस्कार केला. पुढे दारणा धरण १९१६ मध्ये झाले, भंडारदरा १९२६ मध्ये, भाटघरचे नवे धरण त्याच सुमारास. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. त्याच प्रवरेच्या पाण्यावर लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला. १९५० च्या हंगामात तो सुरू झाला. ज्या कामांना सरकारने पन्नास वर्षांपूर्वी तोट्याच्या खात्यात टाकले होते, त्यांनी नगर जिल्ह्याचे अर्थकारण पालटले. सरकारी खर्चाचा हिशेब दहा वर्षांच्या व्याजावर करायचा नसतो, हे याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

शिक्षणाकडे शिलकीचा काही भाग आला. १९०२ मध्ये कर्झनने शिक्षणासाठी प्रांतांना चाळीस लाख दिले. १९०५ मध्ये प्राथमिक शिक्षणासाठी दरसाल पस्तीस लाखांची कायम तरतूद झाली, शेती-संशोधनासाठी वीस लाखांची. गोखल्यांनी या रकमांचे मनापासून स्वागत केले. पण त्यांची मागणी रकमांच्या पुढची होती. शाळेचा खर्च लष्कराच्या खर्चासारखा आधी मोजला जावा, उरल्यावर नव्हे. १९०६ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते आणि माणशी शिक्षणखर्चात बडोदा ब्रिटिश मुलखाच्या कित्येक पट पुढे होते. तिथे जमते, मग इथे का नाही, या प्रश्नाला सरकारकडे समाधानकारक उत्तर नव्हते. त्याच सुमारास सरकारने शाळेची फी माफ करण्याबद्दल प्रांतांना विचारले. अर्थखात्यानेही आशा दाखवली.

आणि मग शिल्लक संपली.

१९०७-०८ मध्ये पाऊस फसला, अमेरिकेतल्या पेढ्यांच्या संकटाने व्यापार आखडला. १९०८-०९ चे वर्ष साडेपाच कोटींहून अधिक तुटीत गेले. चीनला अफू विकणे हळूहळू बंद करण्याचा करार १९०७ मध्ये झाला होता. तो योग्यच होता आणि गोखल्यांनीही अफूच्या उत्पन्नाची बाजू कधी घेतली नाही. पण तिजोरीतला तो मोठा ओघ आटणार होता. १९१० मध्ये नवे अर्थसदस्य फ्लीटवुड विल्सन यांनी चांदी, तंबाखू, दारू, घासलेट यांवर कर बसवले. फीमाफी बासनात गेली. लष्कराचा, व्याजाचा, लंडनचा खर्च होता तसा चालू राहिला. सुगीच्या वर्षांत शाळेला शिलकीतून दिले होते, ते शिलकीबरोबरच गेले. शाळेचा क्रमांक बदललाच नव्हता.

मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर सदस्यांना आता ठराव मांडता येत, मत मागता येई. सरकारवर ते बंधनकारक नसले तरी मतदान नोंदले जाई. मार्च १९१० मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयकच आणले. विधेयक अतिशय सावध होते. सक्ती करायची की नाही हे नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने ठरवायचे, त्यालाही सरकारची मंजुरी लागायची. जिथे मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच बऱ्यापैकी आहे तिथेच ती लागू व्हायची. सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. महिन्याला दहा रुपयांहून कमी मिळकत असलेल्या पालकाला फी माफ. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पैसा कुठून आणणार? आयात मालावरची पाच टक्के जकात साडेसात टक्के करा, चार कोटी मिळतील, हेही त्यांनी दाखवून ठेवले होते. प्रत्येक मागणीबरोबर तिचा पैसा कुठून येईल हे सांगायचे, ही त्यांची शिस्त होती. आज आपल्या विधानसभांत ती किती पाळली जाते, हे वाचकांनीच पाहावे.

१९११ च्या शिरगणतीत देशातले शेकडा सहाही लोक साक्षर निघाले नव्हते. बायकांत शंभरात एक. असे असताना १९ मार्च १९१२ रोजी विधेयकावर मतदान झाले. बाजूने १३, विरुद्ध ३८. विरोधात सरकारी सदस्य होते तसे आपलेही काही जमीनदार आणि सरदार होते. मजुरांची मुले शिकली तर शेतात राबणार कोण, ही भीती त्यांच्या बोलण्यात लपत नव्हती. विधेयक पडणार हे गोखल्यांना ठाऊक होते आणि ते सभागृहात बोलूनही दाखवले होते. आपल्या पिढीने अपयशांतूनच देशाची सेवा करायची आहे, अशा आशयाचे ते बोलले. त्यांच्या राजकारणावर टिळकांच्या अनुयायांनी याचनेचा शिक्का मारला होता आणि त्या टीकेत तथ्य होते. विनंतीला नकार देता येतो. पण या नकाराची नोंद झाली, नावानिशी झाली, आणि कोण कुठे उभे होते हे देशाला कळले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. तोवर महायुद्ध सुरू झाले होते आणि त्यांनी दहा वर्षे वाचून दाखवलेला सगळा हिशेब नव्याने उलटासुलटा झाला. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धासाठी दहा कोटी पौंड देऊ केले. १९२०-२१ मध्ये लष्करी खर्च ऐंशी कोटींच्या पुढे गेला. शेवटी लॉर्ड इंचकेप यांच्या समितीला तो सत्तावन्न कोटींवर आणण्याची शिफारस करावी लागली. मिठाचा कर १९१६ मध्ये सव्वा रुपया झाला. १९२३ मध्ये तूट भरायला तो पुन्हा अडीच रुपये करण्याचे ठरले. सभागृहाने तो नाकारला आणि व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो लागू केला. एकवीस वर्षांनी मिठाचा मण जिथून निघाला तिथे परत आला. पुढच्या वर्षी लोकांच्या संतापापुढे तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला आणि १९३० च्या दांडीयात्रेत तोच मीठकायदा मोडला गेला. गांधींनी मिठावर बोट ठेवले हे काही अचानक नव्हते. १९०२ च्या सुरुवातीला, ते पहिले भाषण होण्याच्या आधी काही आठवडे, गांधी कलकत्त्यात गोखल्यांच्याच बिऱ्हाडी महिनाभर राहिले होते.

शिक्षणाचे काय झाले? १९१७ मध्ये कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई कायदेमंडळात गोखल्यांच्या विधेयकासारखाच कायदा आणला आणि तो मंजूर झाला. नगरपालिकांना सक्तीची परवानगी मिळाली. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षणखाते हिंदी मंत्र्यांच्या हाती दिले. तिजोरी मात्र राखीव खात्यांकडेच राहिली. मंत्री शाळा काढायला निघाले तर पैसा देणारे दुसरेच होते.

मिठावरचा कर १९४७ मध्ये रद्द झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्राचा कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. कलकत्त्यातल्या त्या मतदानाला तेव्हा अठ्ठ्याण्णव वर्षे झाली होती.